रेंज फुल्ल, तरी वर्ग अडकतो: एका थिंकपॅड एक्स२३० च्या वाय-फाय कार्डाचं प्रकरण

यंत्र लेनोवोचा थिंकपॅड एक्स२३० लॅपटॉप, २०१२ सालचं मॉडेल. आय५-३३२०एम प्रोसेसर, आठ जीबी रॅम, मूळ हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, वर लिनक्स मिंट. मालक ठाण्यातले आमचे शेजारी. बँकेतून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणते. दर शनिवारी संध्याकाळी ते मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग घेतात. जुन्या कागदांचे मोठाले स्कॅन पडद्यावर लावायचे, एकेक अक्षर मोठं करून त्याचं वळण समजावायचं, असा तो वर्ग. तक्रार अशी की ऐन वर्गात काकांचा आवाज तुटतो, स्कॅन पलीकडे धुरकट दिसतो आणि चॅटमध्ये 'सर, अडकलंय' अशा ओळी येत राहतात. घरात १०० एमबीपीएसचं फायबर आहे, आणि राउटर त्याच खोलीत भिंतीवर आहे.

"अगं, रेंज तर फुल्ल दाखवतंय. मग अडकतं कुठे?" काकांनी विचारलं.

मुलाने त्यांना नवा लॅपटॉप घ्या म्हणून सांगून ठेवलं होतं. काकांची तयारी नव्हती आणि मला त्यांचं पटत होतं. एक्स२३० चा कीबोर्ड आजही टायपिंगला सुखाचा आहे, पडदा चकाकत नाही, बॅटरी बाहेरून काढता येते, आणि एसएसडी बसवल्यावर लिहिणं, वाचणं, व्हिडिओ कॉल या कामांना यंत्र कमी पडत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही, पण काका त्याआधीच मिंटवर रुळले होते. म्हणजे यंत्र टाकून द्यावं असं एकही कारण नव्हतं. अडचण एका सुट्या भागात असेल, तर तो भाग शोधून काढणं एवढंच काम होतं.

आधी दुखणं कुठे आहे ते

नेट हळू चालतंय म्हटलं की लोक थेट कार्ड नाहीतर राउटर विकत घ्यायला निघतात. मी आधी मोजून घेते. काकांचा फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवून वेग मोजला, तर ९४-९५ एमबीपीएस. म्हणजे फायबर आणि राउटर ठीक. मग लॅपटॉपलाच राउटरपासून लॅन केबल लावली. एक्स२३० ला गिगाबिट लॅन आहे, तिथेही ९४ च्या आसपास. म्हणजे प्रोसेसर, ब्राउझर, मिंट, कुणाचाच दोष नाही. केबल काढून वाय-फायवर आलो आणि आकडा २२ ते २८ मध्ये घुटमळायला लागला. अपलोड तर दहाच्याही खाली. वर्ग घेणाऱ्याला अपलोडच लागतो, कारण चित्र आणि आवाज त्याच्याकडून बाहेर जात असतात.

वेगाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी चाचणी पिंगची, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहायची. इंटरनेटला नाही, घरातल्या राउटरलाच: १९२.१६८.१.१. केबलवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येत होतं. वाय-फायवर तीन, चार, पाच, मग एकदम १८०, परत चार, मग २५०, मध्येच एखादं डेटाचं पाकीट गायब. भिंतीवरच्या राउटरपर्यंत जाऊन यायला पाव सेकंद लागत असेल, तर कंपनीच्या फायबरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अडथळा त्या चार पावलांच्या हवेत होता. आणि आवाज तुटण्याचं कारणही हेच. कॉलला फार वेग लागत नाही, पण पाकिटं वेळेवर पोचावी लागतात.

सिग्नल मात्र खरोखर चांगला होता, उणे ४८ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). काकांचा गोंधळ इथेच होत होता. रेंजच्या काड्या फक्त एवढंच सांगतात की राउटरचा आवाज लॅपटॉपला स्पष्ट ऐकू येतोय. आपल्याला बोलायची पाळी कधी मिळणार, हे त्या सांगत नाहीत. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीचे थांबतात. चाळीतल्या सामाईक नळासारखं आहे हे: नळ दारातच असला आणि धारही जोरात असली, तरी रांग मोठी असेल तर हंडा भरायला वेळ लागणारच.

रांग किती मोठी होती ते फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझरने दाखवलं. समोरासमोर इमारती, प्रत्येक घरात राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओलहरींच्या पट्ट्यात नुसती गर्दी. या पट्ट्याची एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच बसतात: १, ६ आणि ११. काकांचा राउटर ६ वर होता आणि आजूबाजूचे निम्मे राउटरही तिथेच. मी आधी फुकटातला उपाय केला, राउटर ११ वर नेला. सकाळी फरक जाणवला, काका खूशही झाले. संध्याकाळी लोक घरी परतले आणि परत तेच.

मग फोन त्याच खोलीत, त्याच राउटरवर ९५ कसा देत होता? तो ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला होता. त्या पट्ट्यात जागाच वेगळी आहे. भारतात २०१८ मध्ये सरकारने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे विनापरवाना वापराला खुले केले. बेरीज ६०५ मेगाहर्ट्झ. शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर मरतात, त्यामुळे शेजाऱ्याचा राउटर आपल्या खोलीत फारसा ऐकूच येत नाही. दाट वस्तीत हा गुणच म्हणायचा.

लॅपटॉपला हा पट्टा दिसत का नव्हता? लिनक्समध्ये एलएसपीसीआय (lspci) ही आज्ञा दिली की कार्डाचं नाव कळतं: इंटेल सेंट्रिनो वायरलेस-एन २२००. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. दोन अँटेनांचं, कागदावर ३०० एमबीपीएसचं, आपल्या काळात वाईट नसलेलं. पण ३०० चा आकडा गाठायला ४० मेगाहर्ट्झ रुंद चॅनल लागतो आणि २.४ वर इंटेलचा ड्रायव्हर सहसा २० मेगाहर्ट्झवरच राहतो. म्हणून जोडणीचा वेग कधी १४४ च्या वर गेलाच नाही, आणि संध्याकाळी तो ८६, ५७ असा खाली घसरत होता. विंडोजवाल्यांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) चालवून पाहावं. कार्ड वाय-फायचे कोणते प्रकार चालवतं त्याची यादी येते, ८०२.११ पुढे एकेक अक्षर अशी. तिथे बी, जी आणि एन एवढंच असेल, ए किंवा एसी हे ५ गिगाहर्ट्झचे प्रकार नसतील, तर तुमचं दुखणंही बहुधा हेच.

इंटेलचंच सेंट्रिनो ॲडव्हान्स्ड-एन ६२०५ हे त्याच काळातलं कार्ड. तेही दोन अँटेनांचं, खोक्यावर तेही ३०० चंच. फरक एकच, ते ५ गिगाहर्ट्झही बोलतं. दोन कार्डांचा मोठा आकडा सारखा आणि अनुभव जमीन-अस्मानाचा, म्हणून कार्ड निवडताना मी आधी पट्टा बघते, मग आकडा.

कुठलं कार्ड बसवायचं

इथे एक्स२३० ची खास अट आड येते. या मॉडेलच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, मान्य वायरलेस कार्डांची यादी आहे. चालू होताना बायोस कार्डाचा ओळख क्रमांक त्या यादीशी ताडून पाहतो. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की १८०२ क्रमांकाचा संदेश देऊन तिथेच थांबतो. टी४३० आणि त्या पिढीतल्या इतर थिंकपॅडांचंही असंच. एचपीच्या त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांत अशीच यादी आहे, तिथे १०४ क्रमांकाचा संदेश येतो. डेलच्या लॅटिट्यूडवाल्यांना सहसा ही अडचण नाही. अशा यादीमागचं कारण म्हणून रेडिओच्या मान्यतेचा नियम सांगितला जातो: कार्ड आणि अँटेना यांची मिळून चाचणी झालेली असते, तीच जोडी राहावी. मुद्दा समजण्यासारखा आहे. पण कार्ड हा सॉकेटमध्ये बसणारा, स्क्रूने धरलेला भाग. तो बदलायचा हक्क यंत्राच्या मालकाला असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. दहा-बारा वर्षांनी अधिकृत सुटे भाग बाजारातून गेल्यावर अशा यादीचा भार शेवटी वापरणाऱ्यावरच पडतो.

वाटा तीन होत्या. सगळ्यात सोपी यूएसबी डोंगलची. ती मी लगेच बाजूला ठेवली नाही, पण काका लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात, खोलीतून खोलीत नेतात. बाहेर आलेला तुकडा कधीतरी कशावर तरी आपटणारच. आणि लिनक्सवर डोंगलच्या चिपवर सगळं अवलंबून. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू सारख्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, रियलटेकच्या काही चिपांना मात्र बाहेरून ड्रायव्हर बांधून घ्यावा लागत आलाय, आणि कर्नल बदलला की तो पुन्हा बांधा. काकांनी शनिवारी वर्गाआधी हे करत बसावं असं मला वाटत नव्हतं.

दुसरी वाट बायोसमधली यादीच काढून टाकायची. एक्स२३० बाबतीत हे शक्य आहे आणि बऱ्याच लोकांनी केलंय. बायोसची आवृत्ती जुनी असेल तर सॉफ्टवेअरने होतं. नाहीतर यंत्र उघडून, मदरबोर्डवरच्या दोन चिपांना (एक आठ एमबी, एक चार एमबी) चिमटा लावून बाहेरच्या प्रोग्रामरने लिहावं लागतं. काही जण मूळ बायोसऐवजी थेट कोअरबूट हे मुक्त सॉफ्टवेअर बसवतात. एकदा यादी गेली की इंटेल ७२६० सारखं एसी कार्ड, किंवा अ‍ॅडाप्टरवर एएक्स२०० सुद्धा चालतं. पण स्वस्तातले काळे सीएच३४१ए प्रोग्रामर ३.३ व्होल्टच्या चिपेला ५ व्होल्टचे सिग्नल देतात, हे माहीत नसलेल्याच्या हातून चिप जाऊ शकते. स्वतःच्या जादाच्या यंत्रावर मी हे आनंदाने करेन. काकांचं हे एकमेव यंत्र. त्यावर मुळीच नाही.

तिसरी वाट: यादीतलंच चांगलं कार्ड. एक्स२३० च्या यादीत ६२०५ आहे, आणि तीन अँटेनांचं अल्टिमेट-एन ६३०० देखील. ६३०० चा पूर्ण फायदा तिसरी अँटेना असेल तरच. काकांच्या घरात १०० चा प्लॅन. ५ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ रुंदीला ६२०५ ची जोडणी ३०० ची होते. हातात प्रत्यक्ष पडणारा वेग साधारण त्याच्या निम्मा, फार तर थोडा वर. १०० ला तो पुरून उरतो. निर्णय इथेच झाला.

"म्हणजे जुन्याला जुनंच?" काकांनी विचारलं.

"हो काका. तुम्हाला नवं कार्ड नको, मोकळा रस्ता हवाय."

खरेदीत एक खाच आहे. ६२०५ नावाची सगळी कार्डं सारखी नसतात. यादी नावाशी नाही, ओळख क्रमांकाशी ताडली जाते. थिंकपॅडसाठी आलेल्या कार्डावर एफआरयू (सुट्या भागाचा क्रमांक) ६०वाय३२५३ असं छापलेलं असतं आणि ते ८०८६:००८५ असा क्रमांक सांगतं. दुसऱ्या लॅपटॉपांतून निघालेल्या ६२०५ चा क्रमांक वेगळा असू शकतो, आणि मग नाव बरोबर असूनही यंत्र १८०२ वर थांबतं. म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला मी फोनवरच सांगितलं, "शेठ, लेबलचा स्पष्ट फोटो पाठवा, मगच येते." जुन्या यंत्रांतून काढलेली कार्डं डब्यात एकत्र पडलेली असतात; त्यातून त्याने नेमकं एफआरयूवालं काढून दिलं. काकांचा नेहमीचा खर्च पाहता किंमत किरकोळच होती.

वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना इथेच देते. एक, तुमचा लॅपटॉप २०१४ नंतरचा असेल तर आत बहुधा एक्स२३० सारख्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस सॉकेटऐवजी एम.२ सॉकेट असेल. दोन्हींची कार्डं अदलाबदल होत नाहीत आणि अँटेनाच्या वायरींच्या टोकाच्या टोप्याही एम.२ वर लहान असतात. दोन, एएक्स२०१ किंवा एएक्स२११ स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. ती कार्डं इंटेलच्या ठराविक नव्या प्रोसेसरांसोबतच चालतात, कारण रेडिओचं निम्मं काम प्रोसेसरच्या बाजूला असतं. जुन्या यंत्राला एएक्स२०० किंवा एएक्स२१० लागतं.

यंत्र उघडलं तेव्हा

चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं. यंत्र उलटं करून कीबोर्ड आणि पामरेस्ट धरणारे स्क्रू काढले. थिंकपॅडवर कीबोर्डच्या स्क्रूंशेजारी तसं चिन्हच कोरलेलं असतं, हे फार सोयीचं आहे. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून ते कागदावर यंत्राचं चित्र काढून जागच्या जागी चिकटवून ठेवले. कीबोर्ड आधी पडद्याच्या दिशेने थोडा सरकवायचा, मग पुढची कड उचलायची. सरळ उपटायला गेलं तर कडेच्या खुंट्या तुटतात. खालची पट्टी केबल सोडवली, मग पामरेस्ट, त्याचीही एक पट्टी केबल. हे सगळं बाजूला झाल्यावर कार्ड दिसलं: जेमतेम तीन सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा, त्यावर दोन वायरी, एक करडी, एक काळी.

या वायरींच्या टोप्या म्हणजे या कामातला सगळ्यात नाजूक भाग. पितळी रंगाची, दोन मिलिमीटरभर व्यासाची गोल टोपी. बनवणारी कंपनी ती तीसेक वेळा काढ-घाल करण्याइतकीच टिकाऊ धरते. वायर धरून ओढायची नाही. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने टोपीच्या खालून अगदी सरळ वर उचलायची. लावताना ती आधी बरोबर मधोमध बसवायची, बोटाने किंचित गोल फिरवून पाहायची, बसली आहे असं जाणवलं की अंगठ्याने सरळ खाली दाबायची. बारीकसा टक् असा आवाज येतो. तो आला नाही तर पुन्हा पाहा. तिरकी दाबली तर आतली सुई वाकते, आणि मग अँटेनाची अख्खी वायर बदलायला पडदा खोलावा लागतो, कारण अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात.

करडी मुख्य, काळी सहायक. नव्या कार्डावरच्या खुणा पाहून त्याप्रमाणे लावल्या. कार्ड तिरकं सरकवून सॉकेटमध्ये घातलं, दाबून स्क्रूने पक्कं केलं. काकांनी विचारलं, "आणि ब्लूटूथ? माझं श्रवणयंत्र त्यावर आहे." एक्स२३० मध्ये ब्लूटूथचं मॉड्यूल वेगळं असतं, त्यामुळे ते जसंच्या तसं राहिलं. ज्या लॅपटॉपांत दोन्ही एकाच कार्डावर असतात तिथे बदलण्याआधी हे विचारात घ्यायलाच हवं, विशेषतः घरात कुणाचं श्रवणयंत्र असेल तर.

यंत्र चालू झालं, बायोसने कार्ड स्वीकारलं, मिंटने फर्मवेअर आपणहून चढवलं. ड्रायव्हर शोधायची गरज पडली नाही. ६२०५ ला लिनक्स अनेक वर्षं ओळखतं.

कार्डाइतकंच राउटरचं काम

फक्त कार्ड बदलून थांबले असते तर फरक अर्धाच पडला असता. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं, आणि लॅपटॉप सवयीने २.४ लाच जाऊन चिकटला. म्हणून ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं केलं आणि लॅपटॉपमधून जुनं नाव पुसून टाकलं. चॅनल ३६ वर पक्का केला. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारची चाहूल लागली तर राउटरला जागा सोडावी लागते. वर्ग चालू असताना तशी उडी नको. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ ठेवलं. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर या पिढीची कार्डं अडखळतात. पासवर्ड मात्र लांब आणि नवा केला.

मग मोजलं. जोडणी ३०० ची. वेग ९३ ते ९५, अपलोडही तेवढाच. राउटरला पिंग एक ते तीन मिलिसेकंद, तेही संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, आणि हरवलेलं पाकीट एकही नाही. पुढच्या शनिवारच्या वर्गाला मी मागे खुर्ची टाकून बसले. काकांनी पेशवाईतल्या एका पत्राचा स्कॅन उघडला, पडद्यावर एक जोडाक्षर भरेल इतकं मोठं केलं, आणि चॅटमध्ये तक्रारीऐवजी शंका यायला लागल्या: हा 'ज' का, 'र' का? तासभर तेच चाललं.

एक गोष्ट सुटली नाही. मागच्या बेडरूममध्ये, दोन भिंतींपलीकडे, ५ गिगाहर्ट्झ अशक्त होतो. तिथे वेग ४० ते ५० वर येतो. काका तिथे फक्त वाचतात, त्यामुळे ते चालतंय. वर्ग हॉलमध्येच घ्यायचा असं ठरलंय. जुनं २२०० कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर नाव लिहून काकांच्या कपाटात ठेवलंय. यादीतलं असल्यामुळे अडीअडचणीला ते चालेल. पुढे ३०० चा प्लॅन घेतला तर ६२०५ अपुरं पडेल, तेव्हाही बायोसला हात लावायच्या आधी हॉलमध्ये एक लॅन केबल ओढावी असं मी काकांना सांगितलंय. गिगाबिट पोर्ट यंत्रात आहेच.